बिनदोऱ्याचा चेंडू

प्रिय खुंट्या,

हे पाकीट उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल तेव्हा तू आधी हसशील. तुझं हॉटेल दुकानापासून चालत जाण्याइतकं जवळ, दोघांच्या खिशात फोन, आणि ताईला पत्र लिहायची हौस कुठून आली? खुशाल हस. उद्या मी नेहमीसारखी सरावाच्या वेळी नेटवर येईन, पण चेंडूंची पिशवी माझ्याजवळ नसेल. पाकीट तुझ्या हातात देईन आणि तशीच मागे फिरेन. तू हाका मारशील, पण मी थांबणार नाही. थांबले तर तू मला दोन मिनिटांत हसवशील, आणि मी एकदा हसले की माझ्या हातून धड काही होत नाही, हे तुला लहानपणापासून पक्कं ठाऊक आहे. पत्र लांबलचक आहे, अक्षर माझं नेहमीचंच. शेवटपर्यंत वाच. मधेच घडी घालून खिशात टाकू नकोस.

दुपारची वेळ आहे. शटर अर्धं ओढून बाबांच्या कटिंगच्या टेबलावर बसले आहे. एका शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आहे, बाह्या लावायच्या राहिल्या आहेत, पण आज कात्री हातात धरवत नाही. शटरच्या खालून नुसते पाय दिसतात आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांचं बोलणं ऐकू येतं. सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा. सदतीस. आजवर कोणी केल्या नाहीत इतक्या धावा आपल्या खुंट्याच्या नावावर व्हायला अजून सदतीस हव्यात. समोरच्या औषधवाल्याने दारावर तो आकडा रंगवून घेतला आहे, गिऱ्हाइकं अंगाला माप देतादेता तिकिटाची चौकशी करतात. काल एकाने मला विचारलं, की ताई, सदतिसावी धाव कुठल्या बाजूला काढेल हो तो? मी म्हटलं, छाती पुढे काढू नका, कोट ढगळ होईल. लोकांना वाटतं, आनंदाने माझं चित्त थाऱ्यावर नाही. थाऱ्यावर नाहीच, पण त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते मी गेले तीन दिवस कोणालाही सांगितलेलं नाही. आई परवा मैदानात कोणते कपडे घालायचे म्हणून कपाट उपसून बसली आहे. तुझी बायको पोरांना घेऊन परवा सकाळी पोहोचेल. सगळे खुशीत आहेत, आणि मी शटर ओढून बसले आहे.

तुला खुंट्या का म्हणतात हे तुझ्या पोरांनी मला मध्यंतरी फोनवर विचारलं. मी सांगितलं, तुमचा बाप बाद व्हायचाच नाही म्हणून. दुकानामागचं अंगण तुला आठवत असेल. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला पोपडे निघालेली भिंत, आणि मधे फरशीवर खडूने काढलेली रेघ. त्या रेघेवर तू एकदा उभा राहिलास की खुंटा ठोकल्यासारखा. शेजारची पोरं चेंडू टाकून टाकून दमायची, रडकुंडीला यायची, आणि मग माझ्याकडे तक्रार. बाबा चिंध्यांचे चेंडू शिवून द्यायचे, घट्ट, वर जाड कापडाचं कवच. मी त्या चेंडूंवर रंगीत दोऱ्याच्या शिवणी घातल्या, एकावर लाल, एकावर हिरवी, एकावर निळी, एकावर पिवळी, आणि नियम काढला: चेंडू हातातून सुटला की खुंट्याने दोऱ्याचा रंग मोठ्याने सांगायचा, मगच मारायचा. रंग चुकला की बाद. सगळ्यांना वाटलं, आता सुटलो. पहिला आठवडाभर सुटलेही. मग तुझा रंग चुकेनासा झाला, आणि पोरं पुन्हा रडकुंडीला आली. बाबा मशीनवरून मान वर न करता विचारायचे, आज तरी कोणी बाद केलं का रे त्याला? पण एक गोष्ट तेव्हाही मनात भरली होती, कधी बोलले नाही. जेव्हा कधी रंग चुकायचा तेव्हा तू एका शब्दाने भांडायचा नाहीस. त्रिफळा उडाला तरी 'नो-बॉल, नो-बॉल' म्हणून आकाशपाताळ एक करणारा तू, रंग चुकला की मुकाट्याने बॅट खाली ठेवून भिंतीशी जाऊन बसायचास.

पुढे चेंडू चामड्याचे झाले, अंगणाची मैदानं झाली, पण तो खेळ तू सोडला नाहीस. शाळेच्या सामन्याआधी, निवडीच्या सामन्याआधी, आणि मग देशासाठी खेळायला लागल्यावर घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याआधी मी पिशवी घेऊन हजर. चामड्याच्या शिवणीवर रंगीत दोऱ्याची एक फेरी घालायला किती जाड सुई लागते हे माझ्या बोटांना विचार. तुझ्या टीममधली नवी पोरं तो शकुन समजतात. वर्तमानपत्रात छापूनही आलं, की इतका मोठा फलंदाज पण बहिणीच्या हातचे चार चेंडू खेळल्याशिवाय मैदानात उतरत नाही. तू हसून ते तसंच चालू दिलंस. शकुन कसला, ती परीक्षा होती, आणि आपल्या दोघांनाच ते माहीत होतं. तुझ्या नावावरची शतकं लोकांना तोंडपाठ आहेत. मला त्या आधीच्या सकाळी आठवतात. दोन वर्षं तुला टीमबाहेर बसवलं होतं, सगळ्यांनी तुझ्यावर फुली मारली होती, तेव्हाही तू रोज पहाटे मला उठवायचास. परत आलास त्या सामन्याच्या सकाळी मी मुद्दाम निळ्याच्या जागी काळपट निळा दोरा घातला होता. चेंडू हातातून सुटल्या सुटल्या तू ओरडलास, "ताई, दोरा बदललास!" मी तेव्हाच पोपटला सांगितलं, आज हा शंभर करतो. दीडशे केल्यास. माझं काय जातं, थोडा अंदाज चुकला.

पोपटवरून आठवलं. तो आता तुमचा कर्णधार झाला, मोठा माणूस झाला, टीव्हीवर मोजून बोलतो. पण यष्ट्यांमागे उभा राहून दिवसभर त्याची टकळी चालू असायची म्हणून त्याला पोपट आपणच केलं, आणि ज्युनिअर टीमच्या दिवसांत तो महिनामहिना आपल्या घरी पडीक असायचा. त्याच्या विजारी बाबा आखूड करून द्यायचे आणि म्हणायचे, याची जीभही जरा आखूड करता आली असती तर. त्याच्याबद्दल पुढे लिहायचं आहे.

आता मुद्द्याचं. तू मागच्या महिन्यात घरी आलास, जेवलास, गप्पा मारल्यास, आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलास आणि गेलास. मी त्या आठवड्यात केस कापले होते, खुंट्या. कमरेपर्यंतची वेणी गेली आणि मान उघडी पडली. आरशात बघून माझं मलाच हसू येत होतं, आणि तू काय काय बोलशील त्याची मी तयारीच करून ठेवली होती. आपण शिंप्याची पोरं. समोरच्या गोलंदाजाच्या कॉलरची शिवण तिरकी आहे हे तू खेळपट्टीवरून बघून मला रात्री फोनवर सांगायचास. माझ्या कुडत्याचं एक बटण वेगळं असलं तरी दारातूनच चिडवायचास. आणि त्या दिवशी तू माझ्याकडे बघून चहा प्यालास, दोन तास बसलास, आणि केसांबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. मला वाटलं, दमला असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, बायकांच्या केसांबद्दल काय बोलायचं म्हणून गप्प बसला असेल. पण तू असा गप्प बसणारा नव्हेस. मग मी एकेक गोष्ट आठवायला लागले. इतकी वर्षं तू स्लिपमध्ये उभा राहायचास, जिथे चेंडू क्षणात हातावर येतो. तिथून लांब मिड-ऑफला गेलास, गुडघे दुखतात म्हणून. पण जिना तर तू एकदम दोन पायऱ्या गाळून चढलास. मी मेसेज पाठवला की तू फोन करतोस. लिहून उत्तर देत नाहीस, आणि आधी मी काय लिहिलं होतं ते पुन्हा मलाच विचारायचास, हल्ली मागे फोनमधली एक बाई मेसेज मोठ्याने वाचताना ऐकू येते. वर्षभर सगळे समालोचक तुझ्या नव्या स्टान्सचं कौतुक करताहेत, की या वयात उभं राहण्याची पद्धत बदलायला केवढं धाडस लागतं. मी टीव्हीसमोर बसून बघत होते. तू छाती गोलंदाजाकडे वळवून उभा राहायला लागलास, मान अशी की डावा डोळा मागे आणि उजवा पुढे. त्या उभं राहण्याला बाकीच्यांनी धाडस म्हटलं. मला मशीनवर मान तिरकी करून सुईत दोरा ओवू बघणारे बाबा दिसले.

आणि मागच्या दौऱ्यातला तो बाउन्सर. त्या लांब हातांच्या पोराने टाकलेला, हेल्मेटच्या जाळीवर बसलेला. हेल्मेट फिरलं, तू एका गुडघ्यावर आलास, मग उठून हातमोजे सारखे केलेस आणि पुन्हा उभा राहिलास. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तोच फोटो. काय ही छाती, चेंडू तोंडावर येतोय आणि याच्या पापणीचा केससुद्धा हलला नाही. मी तो फोटो कापून ठेवलेला नाही. लहानपणापासून तुझ्या अंगावर मी हजारो चेंडू टाकलेत. तू कधीही छाती काढून चेंडू अंगावर घेणारा नव्हतास, तू आधी वाकायचास आणि वाकताना मला जीभ दाखवायचास. तुझी पापणी हलली नाही, कारण तुला चेंडू दिसलाच नव्हता. तोच पोरगा परवा समोर आहे. त्याने ते बघितलं नसेल असं तुला वाटतं का? मी टीव्हीवर बघू शकते तर तो बावीस यार्डांवरून बघू शकतो. तो परवा तुला तिथेच मारणार.

म्हणून दोन दिवसांपूर्वी मी नेटवर ते केलं. लाल टाकला, तू म्हणालास लाल. तो मी पिशवीतून पहिला काढते, ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्याला पिवळा म्हणालास, तो हिरवा होता, पण ऊन डोळ्यावर होतं असं मी स्वतःलाच समजावलं. मग मी पिशवीत हात घातला आणि तळाशी ठेवलेला चेंडू काढला. त्याच्यावर दोरा नव्हता, खुंट्या. कुठलाच नव्हता. दुकानातून आणला तसा कोरा चेंडू. मी टाकला. तू पाय पुढे घेतलास, "हिरवा" म्हणालास, आणि तो असा सुरेख फटकावलास की मागे उभे असलेले कोच सर टाळ्या वाजवायला लागले. माझ्या हाताला लागलेल्या सवयीवर तू तो चेंडू खेळलास. मी कशी पावलं टाकते, खांदा कुठे येतो, कुठे पडेल, इतक्या वर्षांत सगळं तुला पाठ आहे. आणि मी काय म्हणाले ते आठवतंय? मी म्हणाले, बरोबर. तोंडातून आपोआप निघून गेलं. ते ऐकून माझ्याच अंगावर काटा आला, कारण तो आवाज माझा नव्हता, आईचा होता. नंतर पॅड सोडताना मी तुझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, की दिसतंय ना रे? तू हसला नाहीस. चिडलाही नाहीस. माझा हात धरलास आणि म्हणालास, "ताई, सदतीसच तर हव्यात." तेवढ्यावरून मला कळलं की तुलाही ठाऊक आहे. मला त्याचा जास्त राग आला. दिसत नाही म्हणून कसला राग येणार? ठाऊक असून तू उभा राहणार आहेस, याचा आला.

आता तुला एक गोष्ट सांगते, जी तुला माहीत नाही, कारण ती घडली तेव्हा तू ज्युनिअर टीमबरोबर दौऱ्यावर होतास आणि आईने तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती. शाळेच्या मुख्याध्यापकांचा कोट बाबांनी शिवला. अंगाला असा बसला की मुख्याध्यापक दुकानातल्या दिव्याखाली खूश होऊन तसाच घालून गेले. दुसऱ्या दिवशी उन्हात तो कोट आईला रस्त्यात दिसला. एक बाही काळी, बाकी कोट गर्द निळा. आई धावत त्यांच्या घरी गेली, बटण सैल राहिलंय असं सांगून कोट घेऊन आली, बाबा जेवायला बसले होते तेवढ्यात बाही उसवून निळी लावली आणि परत देऊन आली. बाबांना त्यातलं काही कळलं नाही. त्या दिवसापासून आई दुकानात येऊन बसायला लागली. दोऱ्यांची रिळं ती लावायची, कापड ती काढून द्यायची. बाबा विचारायचे, निळाच ना? ती म्हणायची, बरोबर. चुकलेलं असलं तरी आधी बरोबर म्हणायची, आणि मग त्यांची पाठ वळली की बदलायची. मला वाटायचं, केवढी माया. होतीच माया. आपल्या घरात भांडण करता येतं, थट्टा करता येते, पण समोरच्याचं उणं त्याच्या तोंडावर सांगणं कोणालाच जमत नाही. सगळे मिळून झाकतो, आणि झाकलेलं किती नीट बसलंय ते बघत राहतो.

असं तीन वर्षं चाललं. मग एक दिवस कात्री कापडाऐवजी बाबांच्या अंगठ्यावरून गेली आणि दवाखाना झाला, आणि तिथून डोळ्यांचा दवाखाना. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा आजार आहे, मधली नजर आधी जाते, कडेची राहते. लवकर आला असतात तर थोडी तरी राखली असती. घरी आल्यावर दारात चपला काढताना बाबा आईला म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला आंधळं केलंत." एवढंच. पुन्हा आयुष्यात कधी त्याचा उल्लेख केला नाही, आईशी वागण्यातही काही बदल नाही. पण त्या रात्रीपासून आई उजेडात झोपते, तू कितीदा तिला त्यावरून चिडवलंस. तू देशासाठी पहिल्यांदा मैदानात उतरलास तेव्हा मी बाबांना घेऊन स्टँडमध्ये बसले होते. त्यांना तू पांढरा ठिपका म्हणूनसुद्धा दिसला नाहीस. बॅटचा आवाज आला की ते हसायचे. सगळं मैदान तुझं नाव घेऊन ओरडत होतं आणि ते माझ्या कानाशी येऊन विचारत होते, की कॉलर नीट बसलीय ना गं त्याची? मी म्हटलं, बसलीय. ती खरंच नीट बसली होती, पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे.

नेटवरून परत आल्यावर मी त्याच डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. म्हातारे डॉक्टर आता नाहीत, त्यांची मुलगी बघते. मी म्हटलं, माझं एक गिऱ्हाईक आहे, वडिलांना असा आजार होता, आता त्याला असं असं होतंय. ती बाई हुशार आहे. माझ्याकडे बघत राहिली, भिंतीवर तुझं चित्र असलेलं कॅलेंडर होतं तिकडेही तिने एकदा पाहिलं. म्हणाली, एक डोळा मधून गेला असेल तर तो परत आणता येणार नाही. दुसरा आता सुरू झाला असेल, तर डोळ्यात इंजेक्शनं देऊन उरलेली नजर राखता येते, पण त्यासाठी लगेच यायला हवं. आणि डोक्यावर, तोंडावर मार बसणं म्हणजे आतला पडदा फाटायला आमंत्रण. मी विचारलं, पाच दिवस थांबलं तर? ती म्हणाली, "तुमच्या गिऱ्हाइकाला म्हणावं, मी दुपारीही असते आणि रविवारीही असते. थांबू नका." मी दारापर्यंत गेले तेव्हा तिने ते कॅलेंडर काढून पालथं ठेवलं. तिलाही बघवत नव्हतं बहुतेक.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. इतकी वर्षं घासली, आता उंबरठ्यावरून परत फिरू? सदतीस म्हणजे माझ्यासाठी तासाभराचं काम. कडेच्या नजरेने, कानाने, अंदाजाने काढीन. काढशीलही. तुझ्या अंदाजावर माझा अविश्वास नाही, कोऱ्या चेंडूवर तू मारलेला तो फटका मी जन्मभर विसरणार नाही. कदाचित परवा सगळं मैदान उभं राहील, तुझं नाव सगळ्यात वर लागेल, आणि मी मूर्ख ठरेन. पण मला दुसरंही दिसतं. मला तू खेळपट्टीवर पडलेला दिसतोस आणि स्टँडमध्ये आई मला विचारताना दिसते, काय झालं गं, का उठत नाहीये तो? आणि मी तिला म्हणते, काही नाही, बुटाची नाडी बांधतोय. मी हे करणार, खुंट्या. मी मला ओळखते. माझ्या जिभेला तेच वळण आहे. तो विक्रम मलाही हवा होता रे. तुझ्याहून जास्त हवा होता असं म्हटलं तरी खोटं नाही. सगळा जन्म मी दुसरं कुठलं स्वप्न शिवलं आहे? पण तुझ्या पोरांच्या कपड्यांचा रंग तुला सांगायची पाळी माझ्यावर किंवा तुझ्या बायकोवर येऊ नये. तुला मी पन्नाशीत भिंतीला हात लावत दुकानात येताना बघू शकणार नाही. बाबांना बघितलंय तेवढं पुरे.

आता हे पत्र का, ते सांगते. फोन केला असता तर तू मला हसवून ठेवून दिला असतास. मेसेज लिहिला असता तर तुझ्या फोनमधल्या त्या बाईने तो तुला वाचून दाखवला असता, हल्ली तीच वाचते ना? ती छापलेलं वाचते. माझं अक्षर तिच्या बापालाही लागायचं नाही. म्हणून हाताने लिहिलं, निळ्या शाईने, माझ्या नेहमीच्या बारीक गिचमिडीत, जी तू शाळेत असताना दौऱ्यावर कंदिलाच्या उजेडातही घडाघडा वाचायचास. तुला हे इथपर्यंत एकट्याने वाचता आलं असेल, तर माझं सगळं चुकलं. मला फोन कर, हवं ते बोल, मी पिशवी घेऊन धावत येते आणि परवा स्टँडमध्ये सगळ्यात मोठ्याने मी ओरडते. पण वाचता आलं नसेल, तर तू ते खोलीचं दार लावून कोणाला तरी दिलं असशील, आणि सगळ्या टीममध्ये तू असा कागद एकाच माणसाच्या हातात देशील. पोपटा, तू वाचतोयस ना? केसांपाशी तुझा आवाज बदलला असेल, आणि बिनदोऱ्याच्या चेंडूपाशी याने तुला पुरे म्हटलं असेल. तरी तू वाचत राहिलास, त्याबद्दल तुझं भलं होवो. आमच्या घराला हे तोंडावर सांगता येत नाही. तू आमच्या घरचा आहेस, पण पुरता नाहीस, म्हणून तुझ्यावर टाकते. ती टकळी आज कामाला लाव. सामन्यासाठी अकरा नावं देताना याचं नाव देऊ नकोस, आणि याला दवाखान्यात तू स्वतः ने, ती बाई थांबली आहे. आणि खुंट्या, पोपटवर चिडू नकोस, माझ्यावर चीड. नेटवर मी बरोबर म्हणाले ते खोटं होतं. रंग चुकला. नियम तुला माहीत आहे. बॅट खाली ठेव आणि भिंतीशी येऊन बस, मी बाजूला सरकून जागा केली आहे.

तुझीच,
ताई